हात मांडीवर

"मॅडम, आज मी तुम्हाला 'मी घेते' म्हणू देणार नाही," करुणा रामटेके खुर्चीत बसता बसता म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली.

"बघू," मी म्हटलं. "आधी हेडफोन सरळ घाल. उलटा घातलायस."

एप्रिलचा शेवट होता, सकाळचे सव्वाअकरा. टॉवरच्या काचा हिरवट होत्या, तरी डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते. एसीचं पाणी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठिबकत होतं. विमानतळाचं नाव सांगत नाही. विदर्भातलं मध्यम गाव, दिवसाला सात-आठ विमानं. मी मूळची कऱ्हाडची. बदली होऊन गेले तेव्हा तिथल्या लोकांनी सांगितलं होतं, पहिल्या उन्हाळ्यात माणूस घाबरतो, दुसऱ्यात शिव्या देतो आणि तिसऱ्यात गुपचूप कूलरमध्ये पाणी भरायला लागतो. माझा तिसरा होता.

'मी घेते' हे आमच्या कामातलं वाक्य. टॉवरमध्ये नवीन माणूस शिकायला येतो तेव्हा त्याच्यासमोर खोटी विमानं नसतात. खरीच असतात, माणसांनी भरलेली. शिकणारा वैमानिकांशी बोलतो. शिकवणारा शेजारी दुसरा हेडफोन लावून बसतो आणि तोंड बंद ठेवतो, जे मला जन्मात कधी जमलेलं नाही. शिकणाऱ्याचं चुकतंय असं वाटलं, की शिकवणाऱ्यानं एक बटण दाबायचं. त्याचा माइक बंद, आपला सुरू. आणि तोंडानं म्हणायचं, "मी घेते." ते ऐकलं की शिकणाऱ्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. मग कशालाही शिवायचं नाही. एका विमानाला दोन माणसांनी हाका मारायच्या नसतात. पुन्हा त्याच्याकडे सोपवताना म्हणायचं, "तू घे." तोवर हात मांडीवर. हे कुठल्या पुस्तकात नाही. मला माझ्या गुरुजींनी शिकवलं, मी करुणाला शिकवलं.

प्रत्येक 'मी घेते' दिवसाच्या कागदावर लिहावं लागे. करुणाची दोन झाली होती. तिसरं झालं की शिक्षण बंद आणि ती कायमची फायलींच्या टेबलावर. मुदत एकदा वाढवून झाली होती आणि वाढवलेल्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. दिवस स्वच्छ गेला तर मी तिच्या परीक्षेची शिफारस करणार होते.

"आईनं गल्लीत सांगून ठेवलंय, पोरगी इमान उतरवते म्हणून," ती मागे एकदा म्हणाली होती. "मी म्हटलं, आई, अजून मॅडम उतरवतात. तर म्हणते, मॅडमचं काय, त्या आज आहेत उद्या नाहीत."

पोरगी हुशार होती, पण तिच्या कागदावर अकरा आठवडे मी एकच शेरा लिहीत आले होते. 'निर्णयास विलंब.' विमान विचारी, ती उत्तर जाणून असे, आणि तरी दोन श्वास थांबे. दोन श्वास टॉवरमध्ये फार असतात.

अकरा चाळीसला जीप बोलली. जीप म्हणजे रनवेची पाहणी करणारी गाडी, नामदेव चालवायचा. रनवेच्या पलीकडच्या टोकाचा एक दिवा बंद होता. लाइटवाल्यांना घेऊन जायचं होतं. करुणानं घड्याळ पाहिलं, पुढचं विमान बाराला, वेळ होता. तिनं परवानगी दिली आणि समोरच्या उतरत्या फळीवर लाल पट्टी ठेवली.

त्या पट्टीचं सांगायला हवं. आमच्यासमोर प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, प्लॅस्टिकच्या पकडीत बसवलेली. विमान पुढे सरकेल तशी पट्टी सरकवायची. रनवेवर गाडी किंवा माणूस गेला, की रनवेच्या जागी लाल पट्टी. ती तिथं असेपर्यंत कुणालाही उतरायला सांगायचं नाही. आणि ज्यानं ती ठेवली त्यानंच ती उचलायची. करुणाला मी पहिल्या दिवशी हे तीन वेळा म्हणायला लावलं होतं, पाढ्यासारखं. कारण आमच्या टॉवरवरून उन्हाळ्यात भर दुपारी रनवेचं पलीकडचं टोक दिसतच नसे. तिथं नुसतं पाणी हलताना दिसे. त्या मृगजळात जीप शिरली की गाडी नाहीशी, माणूस नाहीसा. उरते ती लाल पट्टी.

एवढ्यात माझ्यामागचा फोन वाजला. आमचे प्रमुख, देवस्थळी साहेब.

"काय, आज शेवटचा दिवस ना तिचा? वरून विचारणा आहे."

"चाललंय, सर. बरं चाललंय."

"बरं म्हणजे काय? हो की नाही ते सांगा. तुमचंही पुण्याचं प्रकरण माझ्या टेबलावर आहे. दोन्ही एकदमच पाठवतो."

पुण्याचं प्रकरण म्हणजे माझा बदलीचा अर्ज. कऱ्हाडला आई एकटी होती आणि पुण्याहून कऱ्हाड तीन तासांवर होतं. मी खुर्ची वळवून, हेडफोन एका कानावरून सरकवून बोलत राहिले. शिकणारा माइकवर असताना शिकवणाऱ्यानं फोन घ्यायचा नसतो, हेही मीच शिकवत असे.

करुणा मागे वळून मला काहीतरी म्हणाली. मी हात हलवला. "हो, हो."

फोन ठेवून मी वळले तेव्हा करुणा शेजारच्या विमानतळाच्या थेट लाइनवर होती. एका कानाला रिसीव्हर, हातात पेन्सिल, तिकडून सुटलेल्या विमानाची वेळ लिहून घेत होती. त्याच वेळी माझ्या हेडफोनमध्ये नामदेवचा आवाज आला.

"टॉवर, जीप रनवेच्या बाहेर आली. फ्यूज आणायला चाललो."

"ठीक, नामदेव," मी जीपच्या वेगळ्या माइकवर म्हटलं. आणि लाल पट्टी उचलली.

माझ्या हाताला चैन नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी मी चादरीच्या सुरकुत्या काढते. मोकळ्या झालेल्या रनवेवर लाल पट्टी दिसली आणि हात गेला. उचललेली पट्टी हातातच राहिली. त्या पट्टीनं मी टेबलाच्या कडेवर टकटक करत बसले.

करुणानं रिसीव्हर ठेवला. फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पट्टी टेबलाच्या माझ्या बाजूला, खाली होती. तिला ती दिसली की नाही, तेव्हा मला कळलं नाही.

"मॅडम, जीप..."

"बाहेर आली. मी ऐकलं. पुढं बघ."

बाराचं विमान बोललं. एकशे बारा माणसं, दहा मैलांवर. करुणानं वारा सांगितला, पुढं येत राहायला सांगितलं. उतरायची परवानगी दिली नाही. एवढ्यापर्यंत चूक नव्हती. मग तिनं दुर्बीण उचलली.

"काय बघतेयस?"

"काही नाही जी."

"काही नाही तर खाली ठेव."

तिनं ठेवली. विमान सहा मैलांवर आलं. नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागलं, आकाशात पांढरा खिळा ठोकल्यासारखं. वैमानिकानं पुन्हा विचारलं, अतिशय सभ्यपणे, जसं हॉटेलात बिलाबद्दल विचारतात. करुणा म्हणाली, येत राहा.

"करुणा, रनवे मोकळा आहे."

"मॅडम, ती..."

"विमान चार मैलांवर आहे. गप्पा नंतर."

तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. एसीखाली बसून. तिनं पुन्हा दुर्बीण उचलली, पलीकडच्या टोकावर धरली, इकडून तिकडे फिरवली. तिकडं पाणी हलत होतं. मला वाटलं, गेली. अकरा आठवडे जे लिहीत आले, तेच शेवटच्या दिवशी. आणि खरं सांगते, मला तिचा राग नाही आला. मला रडू आलं. देवस्थळींना काय सांगू, तिच्या आईच्या गल्लीला ही काय सांगणार, असं सगळं एका सेकंदात येऊन गेलं. टकटक मात्र चालूच होती.

"दे परवानगी."

तिनं दुर्बीण खाली घेतली नाही.

"करुणा. दे."

तीन मैल. सव्वा मिनिट. विमानाची चाकं बाहेर आलेली दिसत होती.

"मॅडम, एक मिनिट..."

"मी घेते," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

तिचे दोन्ही हात मांडीवर गेले. पाढ्यासारखे. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या गोड, ठाम, अनुभवी आवाजात मी वारा सांगितला आणि विमानाला उतरायला परवानगी दिली. वैमानिकानं ती पुन्हा म्हणून दाखवली. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं वाटलं.

दोन मैल.

आणि शेजारून एक हात आला.

एवढ्या वर्षांत माझ्या 'मी घेते'नंतर कुणाचा हात मांडीवरून उठलेला मी पाहिला नव्हता. तो हात माझ्या डाव्या मुठीवर आला, बोटं उलगडायला लागला. मी म्हणाले, "ए!" तिनं माझ्या मुठीतून लाल पट्टी ओढून काढली आणि फळीवर, रनवेच्या जागी, माझ्या नाकासमोर ठेवली. आणि हात पुन्हा मांडीवर.

पट्टीवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: जीप. आणि खाली: दोन माणसं पायी, दिव्यापाशी.

त्या वेळी मी काही विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझ्या तोंडानं आपोआप सांगितलं, उतरू नका, वर जा, पुन्हा फिरून या. वैमानिकानं काही विचारलं नाही. विमानाचं नाक वर झालं, इंजिनं ओरडली, आणि ते सगळं धूड रनवेच्या सुरुवातीवरून, मधल्या भागावरून चढत गेलं. टॉवरच्या काचा थरथरल्या. आइस्क्रीमच्या डब्यातलं पाणी सांडलं.

पलीकडच्या टोकाला, हलणाऱ्या पाण्यात, दोन काळ्या काड्या उभ्या राहिल्या. आधी एकमेकींत मिसळलेल्या, मग वेगळ्या. एका काडीनं डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरली होती.

नऊ मिनिटांनी विमान पुन्हा आलं. तोवर नामदेव दोघांना घेऊन बाहेर आला होता. मी त्याला नावं विचारली, दोघांचीही, आणि त्यांनाच वॉकीटॉकीवर बोलायला लावलं. विमान मी उतरवलं. करुणाचे हात तोवर मांडीवरच होते. 'तू घे' म्हणायचं मला सुचलं नव्हतं.

शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यानं आमची जागा घेतली आणि आम्ही एक मजला खालच्या जेवायच्या खोलीत आलो. तेवढ्यात लोखंडी जिना धडधडला आणि गजूभाऊ बावणे आत आला. लाइटवाला. हातात टोपी आणि उलटा झालेला डबा.

"का जी मॅडम! इमान तं डोस्क्यावरूनच गेलं नं आमच्या! मी अन् शेख तारेत हात घालून बसलो होतो, तं धडाम! शेख तं आडवाच झाला. माह्या डब्यातलं बेसन सगळं मातीत."

"लागलं का कुठं?" मी विचारलं.

"लागलं नाई. भूक लागली." तो हसला आणि त्याचं लक्ष करुणाकडे गेलं. "हे नवीन शिकणारी का? अस्सं आहे होय! बाई, जरा पाहत जा ना वं. खाली माणसं असतात. मॅडम होत्या म्हणून, नाईतं आज आमची दोघांची तेरवीच होती."

मी टेबलावरचे पेले एका रांगेत लावले.

"सॉरी, काका," करुणा म्हणाली. तिनं आपला डबा उघडला आणि त्याच्यासमोर सरकवला. "झुणका आहे. खा."

"अन् तू?"

"मला भूक नाही."

त्यानं बसून झुणका खाल्लासुद्धा. मला मॅडम होत्या म्हणून, मॅडम होत्या म्हणून, असं दर चार घासांनी सांगत. एकदा तर त्यानं उठून मला नमस्कार केला.

साडेतीनला देवस्थळी साहेबांनी बोलावलं. ते टेप ऐकून बसले होते. टॉवरमध्ये माइकवरचं आणि फोनवरचं प्रत्येक वाक्य टेप होतं.

"सगळं स्वच्छ आहे," ते म्हणाले. "जीपवाल्यानं तिला सांगितलं, दोन माणसं इथं सोडतोय. तिनं 'कळलं' म्हटलंय. पुढं तुम्हाला ते सांगितलं नाही, आणि परवानगीही देईना. अडकली. तुम्ही घेतलंत. मग तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही विमान वर पाठवलंत. शाबास, म्हणायला हवं."

"तिनं सांगितलं होतं, सर. मी तुमच्याशी फोनवर बोलत होते."

"टेपवर नाही."

खरंच होतं. खोलीतलं बोलणं टेप होत नाही. आणि हात तर कुठल्याच टेपवर ऐकू येत नाही. तिचाही नाही, माझाही नाही.

"तिला विचारलंत?"

"विचारलं. गप्प आहे. म्हणते, मॅडम सांगतील तसं." त्यांनी चष्मा पुसला. त्यांच्या टेबलावर दोन फायली शेजारी शेजारी होत्या, वरच्या फायलीवर माझं नाव होतं. "हे बघा, तिचं तसंही होणार नव्हतं. तिसरं 'मी घेते' झालंय, नियमानं विषय संपला. तुम्ही उगाच कागद वाढवू नका. आजचा शेरा लिहून द्या, मी पाठवतो."

मी कोरा कागद घेऊन जेवायच्या खोलीत आले. चहा केला. प्यायले नाही. खिडकीतून रनवेचं ते टोक आता दिसत होतं. ऊन कलल्यावर ते शहाण्यासारखं दिसायला लागायचं. बंद दिवा अजून बंदच होता. मी मनाशी बरीच वकिली केली. बटण दाबायचा अधिकार माझा होता. शेवटी विमान मीच वर पाठवलं. आईचे दुखणारे गुडघे. पोरगी अजून तरुण आहे, फायलींच्या टेबलावर पंखा असतो. सगळे मुद्दे बरोबर होते. फक्त 'सॉरी, काका' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ते एक कुठंच बसत नव्हतं. एकदा पाहिलं असतं, रागानं, तर मला सोपं गेलं असतं.

लिहायला पाऊण तास लागला. फोन मी घेतला. लाल पट्टी मी उचलली, ती माझी नव्हती. परवानगी मी दिली. त्या पट्टीवर माणसांची नोंद शिकणाऱ्या करुणा रामटेके यांची होती, आणि प्रशिक्षकानं ताबा घेतल्यावर नियम मोडून त्यांनी ती पट्टी प्रशिक्षकाच्या हातातून काढून जागेवर ठेवली. शेवटी शेऱ्याचा रकाना आला. अकरा आठवड्यांच्या सवयीनं मी लिहून गेले, 'निर्णयास विलंब'. मग पेन थांबलं. खोडणार होते. खोडलं नाही. पुढं लिहिलं, 'केला, म्हणून दोन माणसं आज जेवली.'

सरकारी कागदावर असं लिहीत नाहीत, ते मला माहीत आहे.

कागदावर शिकणाऱ्याची सही लागते. करुणा जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिनं वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मॅडम, तुमचं पुणं?"

"पुणं कुठं पळून जातंय? सही कर."

"पट्टी माझ्या लक्षात नव्हती आली लगेच," ती म्हणाली. "टकटक ऐकू येत होती. वाटलं, तुम्ही पेन वाजवताय. मग वाटलं, नामदेवभाऊनं माणसं परत घेतली असतील आणि तुम्ही ऐकलं असेल. तुम्ही उचलली म्हणजे बरोबरच असणार ना जी."

"हो ना," मी म्हटलं. "तेच तर."

तिनं सही केली.

माझं शिकवणं सव्वा वर्ष बंद केलं त्यांनी. पुन्हा मला कुणाच्या तरी शेजारी बसवून तपासलं, ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पुण्याची फाईल पुण्याला गेलीच नाही. मी आणखी तीन उन्हाळे तिथंच काढले आणि आईला तिकडं घेऊन आले. ती तिथल्या उन्हाला माझ्यापेक्षा लवकर रुळली. करुणाचं तिसरं 'मी घेते' त्यांनी रद्द धरलं आणि तीन आठवड्यांनी तिची परीक्षा झाली.

ती पास झाल्यानंतरच्या सोमवारी सकाळची पाळी माझी होती आणि दुपारची तिची. पहिल्यांदाच एकटीची. वेळेच्या दहा मिनिटं आधी ती वर आली, हेडफोन सरळ घातलेला. मी तिला सगळं सांगितलं, कोणतं विमान कुठं, वारा कसा, गवत कापणारा ट्रॅक्टर कुठं. तिनं पुन्हा म्हणून दाखवलं. फळीवर एक लाल पट्टी होती, माझी. ट्रॅक्टर बाहेर आल्याचं मी दोनदा विचारलं आणि माझ्या हातानं ती उचलली.

"तू घे," मी म्हटलं.

"घेतलं जी."

मी उठले. जाता जाता फळीवरची एक पट्टी जराशी तिरपी दिसली. माझा हात गेला.

"मॅडम," करुणा काचेबाहेर बघत म्हणाली, "हात."

उभ्या माणसाला मांडी नसते. मी हात पाठीमागे बांधले आणि जिना उतरले.